दोन वर्षांत पावसाळे किती?

ट्रे क्रमांक चौदापर्यंतच्या पट्ट्या नीट चालत होत्या, पंधरापासून बिघडल्या होत्या. एकूण बावीस ट्रे. मी ते टेबलावर ओळीनं मांडले, प्रत्येकातून तीन-तीन पट्ट्या उचलल्या, सगळ्यांवर एकाच रुग्णाच्या रक्तद्रवाचा थेंब टाकला, वर बफरचं द्रावण सोडलं आणि पंधरा मिनिटं थांबले. पहिल्या चौदांत दोन्ही रेघा लालचुटुक उमटल्या. पुढच्या आठांत नियंत्रण-रेघ जेमतेम दिसत होती आणि सोनं खालच्या गादीवर तसंच चिकटून बसलं होतं, कुंकवाचं बोट पुसावं तसं. सोनं म्हणजे खरोखरच सोनं. या पट्ट्यांवर दिसणारी लाल रेघ सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते. घरी गरोदरपणाची चाचणी केलेल्या पुष्कळ बायकांनी ती पाहिलेली असते, फक्त तिला सोनं म्हणून कोणी ओळखत नाही.

जुलै २०२२, बडोद्याची मकरपुरा जीआयडीसी, बाहेर धो धो पाऊस. लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाचं निदान करणाऱ्या पट्ट्यांची हीच बॅच आठवड्याभरात दक्षिण गुजरातच्या रुग्णालयांत जायची होती.

मी या कंपनीत गुणवत्ता विभाग सांभाळते. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि जिच्याकडून हे तंत्रज्ञान घेतलं त्या सरकारी प्रयोगशाळेचंही. कोणाची अब्रू काढायला हे लिहायला घेतलेलं नाही, आणि दोन्हीकडच्या माणसांशी माझं अजून रोजचं बोलणं आहे.

करार

लेप्टोस्पायरोसिस हे नाव मुंबईकरांच्या तोंडी बसलं ते २६ जुलै २००५ च्या पुरानंतर. सुरत, नवसारी, वलसाडच्या भातशेतात राबणाऱ्यांना ते त्याआधीपासून माहीत आहे. उंदराच्या लघवीतून जिवाणू चिखलात उतरतो आणि पायाच्या भेगांतून माणसाच्या अंगात शिरतो. सुरुवातीला नुसता ताप, डोकेदुखी, पोटऱ्या ठणकणं. डेंगी म्हणा, मलेरिया म्हणा, काहीही वाटू शकतं. वेळेत कळलं तर साध्या प्रतिजैविकानं माणूस उठून घरी जातो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडं जातात. याची पक्की तपासणी जिवंत जिवाणूंवर सूक्ष्मदर्शकाखाली करतात, ती मोजक्या ठिकाणीच होते, आणि तिचा अहवाल हातात येईपर्यंत रुग्णाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तालुक्याच्या दवाखान्यात, खाटेशेजारी पंधरा मिनिटांत उत्तर देणारी पट्टी हवी होती. ती या प्रयोगशाळेनं बनवली. जिवाणूच्या कवचावरचं एक प्रथिन ई-कोलाय या दुसऱ्या जिवाणूत तयार करून कागदावर रेघेसारखं ओढलं, रुग्णाच्या रक्तातली आयजीएम, म्हणजे संसर्गात सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडं त्यावर अडकतात. पेटंट मिळालं आणि परवाना देणे आहे अशी जाहिरात संकेतस्थळावर लागली.

आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, त्यांनी ती वाचली. भाऊ मूळचे दांडिया बाजारातले. बडोद्यातल्या जुन्या औषध कंपनीत बरीच वर्षं काढून बाहेर पडले, सावलीजवळच्या राज्य सरकारच्या बायोटेक इन्क्युबेटरमध्ये बाकडं भाड्यानं घेऊन सुरुवात केली आणि मग मकरपुऱ्याला शेड घेतली. सरकारी संस्थेतली विद्या आणून इथे कारखाना काढायचा, यात त्यांना नवल काही वाटलं नाही. बडोद्यात कोणालाच वाटू नये. सयाजीरावांच्या कारकिर्दीत १८९० साली कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय निघालं, त्याचे प्राध्यापक गज्जर आणि त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर यांनी अमीनांबरोबर १९०७ साली अलेम्बिक ही औषध कंपनी काढली. तिथे विद्येबरोबर माणसंही कारखान्यात गेली. आमच्या करारात फक्त विद्या येणार होती. हा फरक मला पुढे दीड वर्षानं कळला.

करार नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. पंचवीस पानं, मागे तीन जोडपत्रं: पेटंट, कार्यपद्धतीची पुस्तिका आणि साहित्याची यादी. प्रथिन बनवणाऱ्या जिवाणूची एक कुपी कोरड्या बर्फात आली. फी काही लाखांत, वर अठरा टक्के जीएसटी. विक्रीवर रॉयल्टी, आणि तिसऱ्या वर्षापासून विक्री होवो न होवो, किमान रॉयल्टी. प्रशिक्षण दोन माणसांचं, पाच दिवसांचं. परवाना एकट्या आमचा नव्हता, आणखी तीन कंपन्यांना हेच तंत्रज्ञान दिलेलं होतं. आणि कलम अकरा: स्वाक्षरीच्या तारखेपासून चोवीस महिन्यांत उत्पादन बाजारात आलं नाही तर परवाना रद्द करता येईल.

त्या दिवशी आम्ही घासाघीस केली ती फीवर. भाऊंनी चहा मागवला, आकडा थोडा खाली आणला आणि खुश झाले. कलम अकरावर कोणी बोट ठेवलं नाही. मीही नाही. चोवीस महिने म्हणजे भरपूर, असं मला वाटलं होतं. ऋतू मोजायचे माझ्या डोक्यात आले नाहीत.

सोनं

प्रशिक्षणाला मी आणि आमचा एक तरुण रसायनतज्ज्ञ गेलो. तंत्रज्ञान ज्यांच्या नावावर आहे त्या शास्त्रज्ञ मॅडमनी पहिल्या दिवशी सगळं समजावलं, फळ्यावर काढून, अगदी स्वच्छ. पुढचे चार दिवस आम्हाला हातात धरून शिकवलं ते तिथल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी. सोलापूरकडचे. त्यांना सगळी प्रयोगशाळा काका म्हणते. पेटंटवर त्यांचं नाव नाही आणि नियमाप्रमाणे असायचं कारणही नाही, कल्पना त्यांची नव्हती. पण तीन वर्षं रोज सोनं त्यांनी केलं होतं.

सोन्याचा क्षार पाण्यात उकळतात आणि त्यात सोडियम सायट्रेट ओततात. फिकट पिवळं पाणी आधी बिनरंगी होतं, मग काळपट-जांभळं होतं आणि हळूहळू लाल होत जातं. कण किती मोठे होणार हे सायट्रेट किती आणि कसं पडलं यावर ठरतं. हे कुठल्याही पुस्तकात सापडेल, पुस्तिकेतही होतं. बडोद्याला येऊन आम्ही अक्षरशः तसंच केलं. रंग आला वांग्यासारखा. चार वेळा केलं, चारदा वांगं. पाचव्यांदा लाल आला, पण त्यात मिठाचं पाणी घालून पाहिलं तर निळा पडला, म्हणजे सोन्याच्या कणांवर प्रथिनाचं वेष्टण नीट बसलेलंच नव्हतं.

फोनवर काका म्हणाले, "मॅडम, भांडं कशानं धुतलंत?"

साबणानं, मग शुद्ध पाण्यानं, मी सांगितलं.

"नाही नाही. अम्लराजानं धुवा. माझं भांडं निराळं आहे, त्यात दुसरं काही करत नाही मी."

अम्लराज म्हणजे सोनंही विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण. पुस्तिकेत लिहिलं होतं, 'स्वच्छ काचपात्र'. फोनवर उरलेलं सुटेना. मार्च २०२२ मध्ये मी रात्रीच्या गाडीनं पुन्हा तिथे गेले आणि दोन दिवस काकांच्या खांद्यामागे उभी राहिले. करारातले पाच दिवस संपलेले होते, जास्तीच्या दिवसांना शुल्क होतं. मॅडमनी ते 'तांत्रिक चर्चा' या सदरात बसवलं, त्यांचे उपकार. मी एका वहीत काका काय म्हणतात ते न लिहिता काय करतात ते लिहीत गेले. सायट्रेट ते एका दमात ओतत होते. पुस्तिकेत 'हळूहळू' होतं. वेष्टणाआधी सामू साडेआठवर आणा असं पुस्तिकेत लिहिलेलं, पण काकांनी मीटरला हातही लावला नाही. उघड्या सोन्यात दांडी बुडवली की तिच्या जाळीत सोनं अडकतं आणि मीटर खोटं बोलायला लागतो, म्हणून ते सामूचा कागद वापरायचे आणि पोटॅशियम कार्बोनेटचे थेंब मोजायचे. आणि उकळणं थांबवायचं कधी, तर रंग डाळिंबाच्या दाण्याचा झाला की.

"माणकासारखा नाही," ते म्हणाले. "माणकासारखा दिसला तर अजून दोन मिनिटं. डाळिंब."

माझ्या वहीत 'डाळिंब' असं लिहिलंय, खाली दोन रेघा मारून. पुढे आमच्या गुणवत्ता प्रणालीच्या लेखापरीक्षकानं त्यावर बोट ठेवलं, हे मोजमाप नव्हे म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मग आम्ही काकांच्या डाळिंबी नमुन्यातून प्रकाश सोडून पाहिला. तो सर्वांत जास्त शोषला जात होता ५२६ नॅनोमीटरला, म्हणजे कण चाळीसेक नॅनोमीटरचे. आता पुस्तिकेत आकडा आहे, वरखाली किती चालेल तेही आहे. पण सोनं करणाऱ्या बाईनं भांड्याकडे बघून आच बंद केली आणि नंतर आकडा तपासला तर तो जवळपास नेहमी बरोबर येतो.

हवा

एप्रिल-मेच्या चाचणी-बॅच सुरेख निघाल्या. भाऊंनी पेढे वाटले. मग जुलैमधले ते बावीस ट्रे.

आधी संशय सोन्यावर गेला. मग कागदावर, कारण ज्या नायट्रोसेल्युलोजवर द्रव चार सेंटीमीटर चढायला १८० सेकंद घेतो तोच प्रयोगशाळेनं वापरला होता, आणि आमची नवी गुंडाळी दुसऱ्या लॉटची होती. मग प्रथिनावर. तीन आठवडे यात गेले. सोनं, कागद आणि प्रथिन तिन्ही चौदाव्या आणि पंधराव्या ट्रेमध्ये अगदी सारखीच होती, हे दिसत असूनही गेले. तंत्रज्ञान दुसऱ्याकडून आलेलं असलं की आपण बिघाड तंत्रज्ञानात शोधतो, आपल्या शेडमध्ये नाही. हा माझाच दोष.

शेवटी ट्रेवरची वेळ पाहिली. चौदावा ट्रे १२.५० ला संपला होता. पंधरावा २.०५ ला सुरू झाला होता. मधे जेवणाची सुट्टी.

चौकीदाराला विचारलं, सुट्टीत त्या खोलीत कोण जातं? कोणी नाही, तो म्हणाला. मग जरा अभिमानानं सांगितलं की तो रोज एक वाजता तिथलं ते घुं घुं करणारं मशीन बंद करतो, पावणेदोनला चालू करतो. "बेन, खाली रूममां मशीन शुं काम चाले?" म्हणजे रिकाम्या खोलीत मशीन कशाला चालवायचं? भाऊंनीच त्याला लाइट बिल जास्त येतं म्हणून बजावलं होतं. मशीन म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र. पाऊण तास ते बंद, बाहेर जुलैचा बडोदा, दार शेव-उसळीची पातेली आत-बाहेर करताना उघडं. वाळवून ठेवलेल्या सोन्याच्या गाद्यांनी ती ओल पिऊन घेतली. त्या पट्ट्यांच्या पिशव्यांतली निळी सिलिका जेल मी कात्रीनं कापून पाहिली. गुलाबी होती, म्हणजे ओल प्यालेली.

मी काकांना फोन केला. तुमच्याकडे त्या खोलीत आर्द्रता किती असते? ते गप्प झाले. त्यांच्याकडे आर्द्रतामापकच नव्हता. त्या खोलीत एक महागडं यंत्र होतं, त्याच्यासाठी वातानुकूलन रात्रंदिवस चालू असायचं, पट्ट्या आपल्या त्याच खोलीत होत होत्या. पुस्तिकेत 'कोरड्या खोलीत जुळणी करावी' एवढंच होतं, आणि लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं ते खोटंही नव्हतं. सोन्याची गोष्ट निदान काकांच्या हातात तरी होती. ही कोणाच्याच हातात नव्हती, ती भिंतींत होती.

दोन दिवसांत मोठं यंत्र आणलं, दाराला दुहेरी कुलूप केलं. पण प्रथिनाचा साठा त्या बॅचमध्ये संपला होता, नवं करून, पट्ट्या पुन्हा जुळवून, उष्णतेत ठेवून टिकाऊपणा तपासून ऑक्टोबर उजाडला. शेतं कोरडी झाली होती. लेप्टोचे रुग्ण येणं थांबलं होतं. एक पावसाळा गेला.

दुसरा पावसाळा

पट्टी बनवली म्हणजे काम झालं, असं बाहेरच्याला वाटतं. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली आधी चाचणीपुरती बनवायचा परवाना, मग रुग्णांच्या नमुन्यांवर मूल्यमापन, मग उत्पादनाचा परवाना. वरच्या वर्गांतल्या चाचण्यांचा तो परवाना दिल्लीहून येतो, आमचाही तिथूनच. कागदपत्रांचं मला भय वाटत नाही, तो माझा धंदा आहे. अडलं ते नमुन्यांवर.

लोक विचारतात, जुने साठवलेले रक्तनमुने का नाही वापरले? विचारलं आम्ही. दोन रुग्णालयांच्या फ्रीजरमध्ये होतेही. पण तापाच्या कितव्या दिवशी रक्त घेतलं ते कोणी लिहिलेलं नव्हतं. आयजीएम साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी उमटतं, तिसऱ्या दिवशीच्या रक्तात पट्टी 'नाही' म्हणाली तर ती चुकली की बरोबर, हे दिवस कळल्याशिवाय सांगता येत नाही. प्रयोगशाळेकडे स्वतःचे उत्तम नमुने होते, दिवसासकट. पण पट्टी तयार करतानाच ते वापरलेले. त्यावर पुन्हा तपासायचं म्हणजे आपली उत्तरपत्रिका आपणच तपासायची.

म्हणजे नवे नमुने, रुग्णाच्या संमतीनं, पावसाळ्यात. त्यासाठी रुग्णालयाच्या नैतिक समितीची मंजुरी. आम्ही अर्ज फेब्रुवारी २०२३ मध्ये केला, शहाणपणा करून, चार महिने आधी. एप्रिलमध्ये समितीची बैठक गणसंख्येअभावी झाली नाही. जूनमध्ये अध्यक्ष बदलले. ऑगस्टमध्ये बैठक झाली, संमतीपत्राचं गुजराती भाषांतर सोपं करा म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं, ते भाषांतर मीच केलं होतं आणि ते मलाही कळत नव्हतं. मंजुरीचं पत्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं.

नोव्हेंबरात चोवीस महिने पुरे झाले.

मधे लोक आम्हाला कोविडचे दाखले द्यायचे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी प्रयोगशाळेची फेलुदा ही कोविडची चाचणी मे २०२० मध्ये टाटांना दिली आणि सप्टेंबरात तिला मंजुरी मिळाली. पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेनं केलेली प्रतिपिंड-चाचणी त्याच मे महिन्यात अहमदाबादच्या झायडसकडे गेली. सरकारी प्रयोगशाळेतून कारखान्यात महिन्यांत जाता येतं हे खरं. पण कोविडमध्ये पावसाळा बारा महिने होता. नमुने हवे तेवढे, समित्या तातडीनं बसत होत्या, खरेदीदार दारात उभा. लेप्टोचा रुग्ण मोसमी, गरीब आणि खेड्यातला. त्याच्यासाठी पट्टी विकत घेणार ते बहुतेक सरकारच, तेही जूनच्या आत, निविदा काढून.

इथे त्या तीन कंपन्यांचं सांगायला हवं. आमच्याआधी परवाना घेतलेल्या त्या तिघींपैकी एकीच्या माणसाशी मी एका प्रदर्शनात बोलले. त्यांनी सोनंसुद्धा बनवायला घेतलं नव्हतं. "बाजार छोटा," तो म्हणाला. "आम्ही मूल्यमापनावर खर्च करायचा, डॉक्टरांना पटवायचं, आणि मग तुम्ही स्वस्तात उतरणार. तुम्ही आधी करा, आम्ही बघतो." चौघांना परवाना द्यायचा आणि त्यातला एक तरी चालेल, हा हिशेब मधुमेहाच्या पट्टीला चालेल. बाजार जिथे एवढासा असतो तिथे चौघं एकमेकांकडे बघत बसतात. माझं मत असं की अशा रोगांसाठी प्रयोगशाळेनं एकालाच द्यावं, पण मुदतीचं, आणि न जमल्यास काढून घ्यावं. भाऊंना हे पटत नाही. एकालाच दिलं असतं तर आपल्याला मिळालंच नसतं, म्हणतात, मोठ्यानं नेलं असतं.

फाईल

परवाना रद्द करण्यापूर्वीची नोटीस डिसेंबर २०२३ मध्ये आली. भाऊ चिडले, वकिलाकडे जायला निघाले. मी म्हटलं, आधी मला एक पान लिहू द्या.

त्या पानावर दोन रकाने केले. डावीकडे कराराचे चोवीस महिने. उजवीकडे त्यातले पावसाचे महिने, जुलै ते ऑक्टोबर, दोनदा, म्हणजे आठ. त्या आठांपैकी एकेक महिना कशात गेला ते समोर लिहिलं. दोष आमचा तिथे आमचा लिहिला, चौकीदाराचं यंत्रसुद्धा लपवलं नाही. खाली एकच मागणी: मुदत स्वाक्षरीपासून न मोजता नमुने घ्यायच्या मंजुरीपासून मोजावी, आणि महिन्यांत न मोजता पावसाळ्यांत मोजावी.

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञान हस्तांतरण अधिकाऱ्यांना मी ते स्वतः नेऊन दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"मला पटतंय हो ताई," ते म्हणाले. "पण मला पटून उपयोग काय? फाईलला पटलं पाहिजे."

आधी मला राग आला, मग त्यांची अडचण कळली. उद्या लेखापरीक्षणात कोणी विचारलं, एका खासगी कंपनीला मुदतवाढ का दिली, इतर तिघांना का नाही, तर उत्तर कागदावर असायला हवं. सरकारी माणूस घाबरतो तो चुकीला नाही, अपवादाला घाबरतो. मग आम्ही दोघांनी बसून मागणी अशी लिहिली की ती अपवाद राहणार नाही: मोसमी रोगांच्या सर्व तंत्रज्ञानांना, सर्व परवानाधारकांना लागू. फाईल तीन टेबलं फिरली. मार्च २०२४ मध्ये दोन पावसाळ्यांची वाढ मिळाली, चौघांनाही. बाकीच्या तिघांनी ती घेतली की नाही ठाऊक नाही.

त्या बैठकीत अधिकाऱ्यांनी अमेरिकेचा विषय काढला होता. तिथे १९८६ च्या कायद्यानं सरकारी प्रयोगशाळांना कंपन्यांशी सहसंशोधनाचा करार करायची मुभा मिळाली. प्रयोगशाळा त्यात कंपनीला पैसे देत नाही, पण आपली माणसं, जागा, उपकरणं देऊ शकते. त्याच कायद्यानं रॉयल्टीतला किमान पंधरा टक्के वाटा शोधकर्त्यांना दिला. "आपल्याकडेही सहसंशोधनाचे करार होतात," ते म्हणाले, "पण परवान्याच्या आधी. परवाना दिल्यावर आमचं काम संपलं असं धरतात." माझ्या मते दुखणं नेमकं इथेच आहे. आमच्या प्रकरणात प्रयोगशाळेची खरी गरज स्वाक्षरीनंतरच्या आठ महिन्यांत होती, आणि त्यासाठी करारात पाच दिवस होते. बाकीचं मॅडमच्या भल्या स्वभावावर आणि रात्रीच्या गाडीवर निभावलं. प्रयोगशाळेचं गाव बाराशे किलोमीटरवर असतं तर मी काकांच्या मागे उभी राहिले नसते, आणि आमचं सोनं अजून वांग्याच्या रंगाचं असतं. जवळच्या कंपनीला तंत्रज्ञान द्यावं याला प्रांताभिमानाची गरज नाही, गाडीचं तिकीट पुरे.

तिसरा पावसाळा सुरळीत गेला असं म्हणवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, मला तीन दिवस घराबाहेर पडता आलं नाही. उणे ऐंशीच्या फ्रीजरमधले नमुने जनरेटरवर जगले. त्या तीन दिवसांत तासातासाला जाऊन तापमान वहीत लिहिलं ते त्याच चौकीदारानं. पुरेसे नमुने जमले. अर्ज गेला, शंका आल्या, उत्तरं गेली. उत्पादनाचा परवाना २०२५ च्या ऑक्टोबरात आला. पुन्हा एकदा पावसाळा संपल्यावर.

आता जुळणी फेब्रुवारी ते मे एवढीच करायची असं ठरवलंय. यंत्र आहे, पण बडोद्याची कोरडी हवा फुकट आहे. पेटंटधारकाला तीन-तीन वर्षांनी पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे की नाही याचं जे विवरण द्यावं लागतं, त्यासाठी प्रयोगशाळेनं आमच्याकडे विक्रीचा आकडा मागितला होता. शून्य कळवला.

काका निवृत्त झाले. वरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर वर्षभर खासगी नोकरीसाठी सरकारची परवानगी लागते. काका त्या श्रेणीचे कधीच नव्हते, म्हणून त्यांना लागली नाही. भाऊंनी त्यांना महिन्यातून चार दिवस बोलावलंय. पहिल्या दिवशी ते सकाळी आठला आले, चहा नको म्हणाले, सरळ धुण्याच्या खोलीत गेले. रॅकवरचं एक चंचुपात्र उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, हे दुसऱ्या कशाला वापरता का?"